आईला वारा हवा, मला झोप

नमस्कार ताई,

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला रात्री उठताना आधार लागतो, म्हणून वर्षभरापासून आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. छताचा पंखा करकरायला लागला, तेव्हा मी खोक्यावर ‘अगदी शांत’ असं लिहिलेला टॉवर फॅन आणला आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. आई म्हणते, वारा येतच नाही. रात्री दोन-तीनदा रिमोट घेऊन ती स्पीड वाढवते. दर वेळी ‘पीं’ वाजतं आणि मी टक्क जागी होते. त्यात फॅन मान वळवताना एका टोकाला ‘टक्’ असा आवाज करतो. आता तर त्या ‘टक्’ची वाट बघतच मी पडलेली असते. सकाळी माझा घसा कोरडा पडलेला असतो आणि आईचे डोळे चुरचुरतात. हवा गार व्हावी म्हणून फॅनपुढे बर्फाचं भांडंही ठेवून पाहिलं. परवा वैतागून म्हणाले, मी बाहेरच्या खोलीत झोपते. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री तिनं फॅन लावलाच नाही. सकाळी बघते तर घामानं चिंब. तेव्हापासून मला चैन नाही. फॅन बदलू, खोली बदलू, की मीच जरा जास्त करतेय?

– अर्धवट झोपेतली लेक

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती शेवटाकडे, आईंनी फॅन लावलाच नाही या वाक्यापाशी. आवाजाचं सगळं सविस्तर बोलू, पण आधी एवढं ठरवून टाका की उकाड्याच्या रात्री त्यांचा फॅन बंद राहणार नाही. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि शरीर तापलंय हे स्वतःला उशिरा कळतं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर हे आणखी वाढतं. तुमच्या झोपेसाठी त्या रात्रभर उकाड्यात पडून राहिल्या, यामागे माया आहे हे मला कळतं. पण ७४ व्या वर्षी हे अंगावर काढण्यासारखं नाही. आजच त्यांना सांगा, ‘फॅन चालूच राहणार, आवाजाचं काय करायचं ते मी बघते.’

आणि तुम्ही जास्त करत नाही आहात. रात्रीतून तीन-चारदा ज्याची झोप मोडते ते माणूस दिवसा कुणाचीच नीट काळजी घेऊ शकत नाही. तुमची झोप ही आईंच्याही गरजेची गोष्ट आहे.

आता फॅनकडे वळू. तो कोपऱ्यात आहे, मान वळवतोय आणि वरच्या स्पीडवर चालतोय. मला वाटतं, तुमच्या बहुतेक तक्रारी या तीन गोष्टींतून आल्या आहेत. आज रात्री त्याला कोपऱ्यातून काढा. आईंच्या बाजूला, पायांच्या दिशेला, त्यांच्यापासून साधारण दीड मीटरवर उभा करा. मान वळवणं बंद करा, तोंड त्यांच्या पोटऱ्यांपासून छातीपर्यंतच्या भागाकडे ठेवा आणि सगळ्यात खालचा स्पीड लावा. तेवढा पुरला नाही तर एक पायरी वर, त्याहून नको. फॅन जवळ आणायचा आणि हळू चालवायचा. लोक नेमकं उलटं करतात. आवाज नको म्हणून फॅन लांब नेतात आणि मग वारा पोचत नाही म्हणून स्पीड वाढवतात.

हा उपाय का चालतो, ते आकड्यांत सांगते. पंख्याचे फेरे निम्मे केले की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. फॅन तीन मीटरवरून दीड मीटरवर आणला, म्हणजे अंतर निम्मं केलं, तर आवाज वाढतो तो मोकळ्या जागेत ६ डेसिबल. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतच असतो, त्यामुळे तिथे वाढ याहून कमी. १५ उतरले आणि फार तर ६ चढले, म्हणजे निव्वळ फायदा निदान ९ डेसिबलचा. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. आईंच्या अंगाला लागणारा वारा मात्र निम्मा होत नाही, कारण जवळ आल्यामुळे तो विखुरण्याआधीच पोचतो. फक्त एक लक्षात ठेवा. रिमोटवरचा २ हा ४ च्या निम्मा असला तरी आतले फेरे निम्मे झालेत असं नसतं. म्हणून आकडा बघू नका. आईंच्या पलंगावर आडव्या होऊन वारा कुठे लागतो ते स्वतः बघा.

‘वारा येतच नाही’ हे आईंचं म्हणणं मी खरं धरून चालते. टॉवर फॅनचा वारा निघतो तो उभ्या अरुंद फटीतून, पट्टीसारखा. मान वळवत ठेवली की ती पट्टी खोलीभर फिरते आणि एका जागी पडलेल्या माणसाला प्रत्येक फेरीत थोडाच वेळ लागते. बाकीचा वेळ वारा कपाटाला आणि पडद्याला मिळतो. शिवाय त्याच उंचीच्या उभ्या पंख्याच्या मानानं टॉवर फॅन हवा कमी हलवतो आणि छताच्या पंख्याच्या तर पुष्कळच कमी. एका झोपलेल्या माणसापुरता तो पुरतो, पण नेम धरून ठेवला तरच. उंचीही तपासा. या फॅनच्या तळाच्या भागात बटणं, यंत्रणा असं काही ना काही असतं आणि हवेची फट त्याच्या वर सुरू होते. पलंगावरच्या माणसाला ते बरोबर जुळतं. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर बराचसा वारा अंगावरून निघून जातो. अशा वेळी फॅनखाली पाचर घालून तो तिरका करू नका, तो पडतो. गादी उंचावता आली तर बघा, नाहीतर फॅन थोडा मागे सरकवून वारा कुठे खाली उतरतो ते हाताने चाचपा.

कोपऱ्याबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. दोन भिंती आणि फरशी जिथे मिळतात तिथे ठेवलेल्या वस्तूचा खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे घुमणारी घरघर, उठून येते. तीच वस्तू खोलीच्या मोकळ्या भागात ठेवली की घुमणं कमी होतं. शिवाय टॉवर फॅन हवा मागच्या जाळीतून आत ओढतो. पाठ भिंतीला किंवा पडद्याला चिकटली की त्याचा श्वास कोंडतो, वारा घटतो आणि आत सूं-सूं वाढते. मागे निदान हातभर जागा मोकळी असू द्या.

आता खोक्यावरच्या ‘शांत’बद्दल. त्यावरचा डेसिबलचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या स्पीडचा असतो. तो किती अंतरावरून मोजला हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. काही ठिकाणी एक मीटरवरून ऐकू येणारा आवाज लिहितात, तर काही ठिकाणी यंत्रातून एकूण बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी. हे दोन आकडे एकाच फॅनचे असले तरी जुळत नाहीत. त्यामुळे दोन खोक्यांवरच्या आकड्यांची तुलना करून खरेदी करणं फारसं उपयोगाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शनात चांगल्या झोपेसाठी खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा आणि मध्येच येणारे आवाज ४५ च्या वर जाऊ नयेत, असं म्हटलं आहे. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एकसारख्या सूं आवाजाला कान दोन-चार रात्रींत सरावतो. उलट, रस्त्यावरचे बारीकसारीक आवाज त्यामागे दबतात, म्हणून काहींना फॅनशिवाय झोपच येत नाही. शांततेत मध्येच उमटणारी ‘टक्’ किंवा ‘पीं’ मात्र अंगवळणी पडत नाही. तुम्ही लिहिलंय ना, त्या ‘टक्’ची वाट बघत पडलेली असते म्हणून. तिथेच तुमची झोप गेली आहे.

मोबाईलवरच्या आवाज मोजण्याच्या अ‍ॅपचा आकडा खरा धरू नका, पण आधी किती होता आणि बदल केल्यावर किती झाला एवढं कळायला ते चालतं. मोजताना मोबाईल उशीवर ठेवा आणि वाऱ्याच्या झोतात येऊ देऊ नका, नाहीतर माइकवर आदळणारा वाराच मोजला जाईल.

ती ‘टक्’ शोधू या. फॅन चालू ठेवून फक्त मान वळवणं बंद करा. ‘टक्’ थांबली, तर दोष पंख्याचा नाही, मान वळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. तळात एक छोटी वेगळी मोटर असते, ती एका दांडीनं सगळा मनोरा डावी-उजवीकडे ओढते. टोकाला पोचून दिशा बदलताना प्लॅस्टिकच्या दात्यांतली ढिलाई ऐकू येते. बऱ्याचदा कारण याहूनही साधं असतं. घरी जोडताना तळाचे दोन अर्धे भाग नीट बसलेले नसतात किंवा खालचा मोठा नट अर्धवटच आवळलेला असतो. प्लग काढा, फॅन गादीवर आडवा करा, तो नट आणि तळाचे स्क्रू आवळा, उभा करून हलकेच हलवून बघा. कमरेत डुगडुगत असेल तर जोडणी अजून बरोबर नाही. फरशी असमान असली तरी हीच ‘टक्’ येते, म्हणून जागा एक वीतभर बदलूनही पाहा.

मान वळवणं बंद करूनही टकटक चालूच राहिली आणि स्पीड वाढवल्यावर तिचा ठेका जलद झाला, तर आतल्या फिरत्या भागाला काहीतरी लागतंय. केस, धागा, पडद्याची सुटलेली दशी. तसं असेल तर फॅन बंद करून साफ करा, चालवत राहू नका. आणि टकटक फक्त सुरू केल्यानंतर किंवा बंद केल्यानंतर थोडा वेळ येऊन थांबत असेल, तर ते प्लॅस्टिक गरम-गार होताना आकारात येणं आहे. त्यानं काही बिघडत नाही.

टकटक वेगळी आणि गुणगुण वेगळी. गुणगुण मोटरची. घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या साध्या मोटरमध्ये (तिला एसी मोटर म्हणतात) विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट सूर उमटतो. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर १०० हर्ट्झचा. हा सूर फरशीतून आणि पलंगाच्या पायांतून उशीपर्यंत येतो. फॅनच्या अंगावर तळहात टेकवून हलकं दाबून बघा. आवाज बदलला तर वरचं आवरण थरथरतंय किंवा फरशी साथ देतेय. तळाखाली रबराची किंवा दाट फोमची पातळ चटई घाला. जाड मऊ उशी नको, त्यावर मनोरा डळमळतो. आणखी एक तपासा : फॅनचा प्लग भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून तर जात नाही ना? बटणांवर चालणाऱ्या फॅनला बाहेरून रेग्युलेटर लावला की तो गुणगुणतो आणि आतलं सर्किटही खराब होऊ शकतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालतानाच गुणगुण वाढत असेल, तर दोष फॅनचा नाही. स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेची लाट शुद्ध नसते, म्हणून मोटर कुरकुरते.

‘पीं’चा उपाय सोपा आहे, पण त्यासाठी माहितीपुस्तिका शोधावी लागेल. काही मॉडेल्समध्ये एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की हा आवाज बंद होतो. काहींत रात्रीचा मोड लावला की दिवे आणि पीं दोन्ही जातात. तुमच्यात तशी सोय नसेल तर आत हात घालून भोंगा काढायला जाऊ नका. तिथे वीज आहे आणि वॉरंटीही जाईल. त्यापेक्षा पीं वाजवायची वेळच येऊ देऊ नका. रात्री रिमोटची गरज पडते कारण वारा कमी पडतो. एकाच बटणावर १, २, ३ आणि पुन्हा १ असं फिरत जाणारा रिमोट असेल तर हवा तो स्पीड गाठेपर्यंत तीन-चार पीं होतात. वर सांगितल्याप्रमाणे नेम धरून ठेवलात, तर आईंना रिमोट उचलायची वेळ क्वचितच येईल. समोरचा आकडा झगमगत असेल तर त्यावर काळी टेप लावा. रिमोटचा संकेत घेणारं काळसर टिकलीएवढं भिंग मात्र झाकू नका.

टायमरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण पुढचा प्रयोग बहुधा तोच असेल. पहाटे फॅन आपोआप बंद होईल असा टायमर लावला की खोली एकदम नि:शब्द होते आणि उकाडाही चढतो. त्या बदलानंही झोप मोडते. रात्रभर सगळ्यात खालचा स्पीड बरा. ‘नैसर्गिक वारा’ नावाचा, वेग सतत कमी-जास्त करणारा मोड तुमच्यासारख्या हलक्या झोपेच्या माणसानं लावूच नये.

स्वच्छतेवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. शांत असलेला टॉवर फॅन काही महिन्यांत घरघरू लागतो, त्याचं मला दिसलेलं सगळ्यात नेहमीचं कारण धूळ हेच आहे. या फॅनच्या आत नेहमीची तीन-चार रुंद पाती नसतात. लांब, उभा, पोकळ दंडगोल असतो आणि त्याच्या कडेला वाकडी, अरुंद अशी डझनावारी पाती. हवा एका बाजूनं आत शिरते, पोकळीतून आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. रचना जुनी आहे. पॉल मोर्तिए यांनी १८९३ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. आज स्प्लिट एसीच्या घरातल्या भागातही हाच दंडगोल आडवा बसवलेला असतो. (आतला पंखा तळात लपवून वरच्या कड्यातून वारा सोडणारे मॉडेल वेगळे. त्यांची हवा ओढण्याची जाळी खाली असते.) अशा पात्यांच्या वाकात धूळ बसते. सगळीकडे सारखी बसली तर फक्त वारा घटतो. एका बाजूला जास्त बसली तर तोल जातो आणि दंडगोल फिरताना थरथरतो. कमी वारा आणि जास्त घरघर दोन्ही एकदम जाणवू लागली, तर समजा आत धूळ साचली आहे.

प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला मऊ ब्रश लावून मागची जाळी वरपासून खालपर्यंत ओढा, मग पुढची फट. व्हॅक्यूम नसेल तर रुंद मऊ रंगाचा ब्रश आणि ओलसर फडकं. पुस्तिकेत मागचं झाकण स्क्रू काढून उघडायला सांगितलं असेल तरच उघडा. मग टॉर्च मारून बघा. पात्यांच्या आतल्या कडेवर करड्या मखमलीचा थर दिसेल, तो ब्रशनं एकेक पात्याच्या लांबीच्या दिशेनं उतरवा. तार, विणायची सुई, टोकदार काडी आत घालू नका. एक पातं तुटलं की तोल कायमचा जातो आणि मग आवाज कशानंच जात नाही. पाणी ओतायचं नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी जाळी पुसली तर आतला थर जाड होत नाही.

साफ करूनही सुरुवातीला करकर आणि थोड्या वेळानं शांत, असं होत असेल तर बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो ती कडी, कोरडा पडलाय. शिलाई मशीनचं पातळ तेल, एखादाच थेंब, आणि तेही आसाचं टोक सहज हाताशी येत असेल तर. खाण्याचं तेल चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज सोडवायचे फवारे चार दिवस बरे वाटतात, पण आतलं उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतात. फॅन वॉरंटीत असेल तर तेलाच्या भानगडीत न पडता दुरुस्तीला द्या.

घसा आणि डोळ्यांचं उत्तर दिशेत आहे. तोंडावर रात्रभर वारा येत राहिला की डोळ्यांतला ओलावा उडतो आणि नाक कोरडं पडून माणूस तोंडानं श्वास घेऊ लागतो. वारा पायांकडून छातीपर्यंत यावा, चेहऱ्यापर्यंत येऊ नये. तुमचा पलंग आईंच्या पलीकडे असेल तर तुमच्यापर्यंत तो झोत येणारच नाही आणि फॅनपासून तुमचं अंतरही वाढेल. तरीही आईंचे डोळे चुरचुरत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात डोळे मुळातच कोरडे असू शकतात, सगळा दोष फॅनवर ढकलून थांबू नका.

बर्फाचं भांडं. यात तुमची मेहनत वाया जातेय. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास एवढी उष्णता शोषतो. ४० वॉटचा फॅन तेवढी उष्णता सव्वादोन ते अडीच तासांत खोलीत सोडतो. म्हणजे भांडं वितळेपर्यंत हिशेब जवळपास बरोबरीत आलेला असतो. फॅन खोली गार करत नाही, हे नीट समजून घ्या. तो अंगावरचा घाम उडवतो आणि अंगाभोवतीची तापलेली, दमट हवा बाजूला सारतो. म्हणून खोलीत कुणी नसताना तो चालू ठेवून काही मिळत नाही. आईंच्या हातापायांवरून ओलं फडकं फिरवलंत आणि मग मंद वारा दिला, तर त्याचा परिणाम बर्फापेक्षा कितीतरी जास्त होतो. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की फॅनची पाठ उघड्या खिडकीकडे करा, म्हणजे तो तीच हवा ओढून आत देईल. एसी असेल तर फॅन सोबत चालवून तापमान साधारण दोन अंशांनी वर ठेवता येतं, आणि एसीचाही आवाज त्यानं उतरतो.

फॅनची एक मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. खोलीतली हवा त्याहून तापली की वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. फक्त घाम उडतो तेवढाच दिलासा, आणि वयस्कर माणसाला घामच कमी येतो. खोली ४० अंशांच्या वर गेली तर फॅनच्या भरवशावर राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अशा वेळी गार जागा, ओलं फडकं, घोटघोट पाणी. आई असंबद्ध बोलू लागल्या, अंग तापलेलं आणि त्या गळून गेलेल्या दिसल्या, किंवा उठवून उठेनात, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

खोली बदलायची का? आत्ता नको. आईंना रात्री उठताना आधार लागतो म्हणून तर तुम्ही तिथे आहात. त्याच कारणानं कानात बोळेही नकोत, निदान दोन्ही कानांत नकोत. हाक ऐकू आली पाहिजे. फॅनची वायर त्यांच्या बाथरूमच्या वाटेत येत नाही ना, हे आजच बघा. जवळ आणलेल्या फॅनची वायर अंधारात पायात येऊन पडणं हा आवाजापेक्षा फार मोठा धोका आहे. वायर भिंतीकडेनं न्या, पायपुसण्याखालून नको. एक्स्टेंशन लावावंच लागलं तर त्यावर दुसरं काही जोडू नका.

आणि आईंशी बोला, पण दिवसा, चहाच्या वेळी म्हणा किंवा दोघी निवांत असताना. रात्री दोन वाजता झालेलं बोलणं दोघींनाही लागतं. ‘मी बाहेर झोपते’ यातून त्यांना ‘तुझं मला ओझं झालंय’ असं ऐकू आलं असणार. तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं, तर तसं स्पष्ट सांगा. मग फॅन कुठे ठेवायचा हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांना आडवं व्हायला सांगा, तुम्ही फॅन वीतभर इकडे-तिकडे सरकवा आणि ‘आता लागतोय?’ असं विचारत राहा. स्वतः निवडलेल्या जागेवरचा फॅन माणूस रात्री उठून बदलत नाही. रिमोट त्यांच्याच उशाशी राहू द्या. तो काढून घेतलात तर गरज असताना त्या मागणार नाहीत, हे त्यांनी परवा दाखवलंच आहे.

एवढं करून आठवडाभर बघा. तरी खालच्या स्पीडवर गुणगुण ऐकू येत राहिली, तर फॅन दिवाणखान्यात हलवा आणि झोपायच्या खोलीसाठी दुसरा घ्या. या वेळी बीएलडीसी किंवा डीसी मोटरचा बघा, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. त्यात गुणगुण कमी असते, वीज कमी लागते आणि मुख्य म्हणजे स्पीडच्या पायऱ्या पुष्कळ असतात, अगदी खालचीही मिळते. दुकानात वरचा स्पीड लावून दाखवतील, तुम्ही खालचा लावायला सांगा आणि कान जाळीजवळ नेऊन ऐका. दुकानाच्या गोंगाटात एरवी काही कळत नाही. बटण दाबून पीं वाजते का आणि ती बंद होते का, ते विचारा. मनोरा दोन बोटांनी हलकेच ढकलून तो डुगडुगतो का बघा. मागचं झाकण उघडून साफ करता येतं का, हेही तिथेच करून दाखवायला सांगा. आणि छताच्या पंख्याची करकर तशीच सोडू नका. बहुतेकदा ढिले स्क्रू, असमान पाती किंवा जुनं बेअरिंग एवढंच असतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो दुरुस्त करून घ्या. दोघींच्याही अंगावर पुरेसा वारा घालायचं काम तोच सगळ्यात चांगलं करतो, आणि तोही मंद स्पीडवर जवळजवळ ऐकू येत नाही.